नरक्या की अमृता?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. शिक्षण, संघटना, लग्नकार्यातील काटकसर या विषयांवर येथे दरसाल उत्तम भाषणे होतात आणि आमच्याहून योग्य माणसे ती करतात. म्हणून आज आम्ही एका झाडासंबंधी बोलणार आहोत. हे झाड आपल्या डोक्यावरच्या घाटमाथ्याच्या रानात वाढते. त्याच्या लाकडात सापडणारे द्रव्य कर्करोगावरील काही मोलाच्या औषधांचे मूळ आहे. आणि त्या झाडाविषयी, एकंदर वनस्पतींविषयीच, जी अर्धवट माहिती आपल्या समाजात पसरली आहे तिने माणसे प्राणास मुकत आहेत. ही तिसरी गोष्ट नसती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता.

आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही आणि रसायनशास्त्रज्ञ तर नाहीच. मॅट्रिक होऊन महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मुलांना बाराखडी शिकविण्यात आमची हयात गेली. परंतु निवृत्तीनंतर वाचनास वेळ मिळाला, आणि जे वाचले ते पडताळून घेण्याची शिक्षकाची सवय सुटली नाही. त्या वाचनातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. सावित्री ज्या महाबळेश्वरच्या रानातून उगम पावून पोलादपूर-महाडकडे उतरते, त्या सदाहरित रानात, तसेच दक्षिणेकडे कोयनेच्या व त्याही पलीकडच्या डोंगरांत हे लहानसर झाड आढळते. पावसाळ्यात त्यास पांढुरक्या, बारीक फुलांचे झुबके येतात. त्या फुलांना दुर्गंधी सुटते. म्हणून आपल्या लोकांनी त्यास घाणेरा असे नाव दिले, नरक्या असेही दिले. गंमत अशी की, त्याच झाडास काही ठिकाणी अमृता म्हणतात. पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यास मॅपिया फीटिडा म्हटले. त्यातील फीटिडा या लॅटिन शब्दाचा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच आहे. सध्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहॅम नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची केली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. ग्रॅहॅम मध्येच वारले आणि उरलेले काम त्यांचे स्नेही निम्मो यांनी पुरे केले. त्या निम्मोंचे नाव या झाडास चिकटले आहे.

आता नावांचा घोटाळा पाहा. घाणेरा हे हे झाड; परंतु बांधाबांधावर माजलेले, रंगीबेरंगी फुलांचे झुडूप तेही घाणेरीच, ज्यास कोणी टणटणी म्हणतात. अमृता हे हे झाड. परंतु आपल्या घरोघरी ठाऊक असलेली गुळवेल, तिलाही वैद्यकात अमृता हेच नाव आहे. ही तीन झाडे परस्परांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. तेव्हा कोणी मुंबईहून फोनवर सांगितले की अमृता आणून उकळून द्या, तर ऐकणारा काय आणील आणि रोग्याच्या पोटात काय जाईल, हे सांगणे कठीण. आमच्या सांगण्यातील पहिला मुद्दा हाच की, नावावरून औषध ओळखता येत नाही.

या द्रव्याचा शोध कसा लागला, ते आता सांगतो. विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. चीन देशात एक वृक्ष आहे, त्याचे शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्याच एका औषधाच्या शोधात शेकडो वनस्पतींचे अर्क काढीत होते. ते अर्क तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीस गेले, तेव्हा या चिनी वृक्षाच्या अर्काने कर्करोगाच्या वाढीस आळा बसतो असे दिसून आले. अर्कातील नेमके कोणते द्रव्य हे काम करते, ते वेगळे काढून त्याची रचना ठरविण्याचे काम उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत झाले. १९६६ साली तो शोध प्रसिद्ध झाला आणि द्रव्यास कॅम्प्टोथेसिन हे नाव मिळाले. या कामात डॉ. वॉल यांच्या खांद्यास खांदा लावून उभे असलेले शास्त्रज्ञ होते डॉ. मनसुख वाणी. त्यांचा जन्म १९२५ साली आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले. पुढे १९७१ साली याच दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात द्रव्याची रचना उलगडली. कर्करोगावरील दोन थोर औषधांच्या मुळाशी नंदुरबारच्या एका सुपुत्राचे हात आहेत, ही गोष्ट आमच्या क्रमिक पुस्तकांत आम्हांस कधी आढळली नाही. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले.

हा चिनी वृक्ष आपल्याकडे सहज सापडणारा नव्हे. मग आपल्या नरक्याचा संबंध कोठे आला? तो आला मुंबईच्या गोरेगावात. तेथे त्या काळी सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. त्या केंद्राचे प्रमुख डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी डॉ. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, भारतातील मॅपिया फीटिडा, म्हणजे आपला नरक्या, याच्यातही तेच कॅम्प्टोथेसिन आहे, आणि ते चांगल्या प्रमाणात आहे. ज्याच्या वासाने गुराखी नाक दाबतो त्या झाडाची जगातील कारखान्यांना तेव्हापासून ओळख झाली.

चांगल्या प्रमाणात म्हटले तरी ते प्रमाण केवढे? सामान्यतः सुक्या लाकडाच्या हजार भागांत एक ते तीन भाग. बाकीचे सारे लाकूडच.

आता आमच्या भाषणातील मुख्य भागाकडे येतो. द्रव्य सापडले १९६६ साली. त्यापासून केलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे अमेरिकेत रुग्णांसाठी मान्य झाली ती १९९६ साली. त्यातील इरिनोटेकॅनला जपानात दोन वर्षे आधी मान्यता मिळाली होती. म्हणजे झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षे गेली. डॉ. वाणी द्रव्य सापडले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते आणि औषध बाजारात आले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. एवढा काळ ही विद्वान माणसे काय करीत होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर मात्रा शोधीत होती.

कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शिरेवाटे देता यावे म्हणून आरंभी त्याचे सोडियमयुक्त क्षार करून रुग्णांवर प्रयोग झाले. क्षार विरघळला, परंतु त्या रूपात द्रव्याचा गुण बराचसा नाहीसा झाला आणि विषारीपणा मात्र राहिला. रुग्णांच्या मूत्राशयास इजा होऊन रक्त जाऊ लागले, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. १९७२ च्या सुमारास ते प्रयोग थांबविण्यात आले. ज्या वर्षी गोरेगावात आपल्या झाडाची थोरवी सिद्ध झाली, त्याच सुमारास तिकडे ते औषध टाकाऊ ठरले होते.

ते पुन्हा उचलले गेले ते त्याच्या कार्याचा उलगडा झाल्यामुळे. हा उलगडा १९८५ साली लेरॉय लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आपणांपैकी ज्यांनी सुंभाचा दोर वळला आहे त्यांना तो चटकन समजेल. दोन पदरी दोर घ्या आणि त्याचे पदर मध्यावर ओढून अलग करा. पुढच्या भागात पीळ दाटत जातो आणि शेवटी दोर गुंतून पडतो. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा असाच दोन पदरी दोर आहे. पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना हे पदर अलग व्हावे लागतात. पीळ दाटू नये म्हणून निसर्गाने तेथे एक विकर नेमलेले आहे. ते एक पदर क्षणभर तोडते, पीळ मोकळा होऊ देते आणि तुटलेला पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या तुटलेल्या जागी जाऊन बसते आणि सांधा होऊ देत नाही. दोर तुटका राहतो, पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी अविरत दुभंगत असतात, म्हणून त्या अधिक मरतात.

परंतु आतड्याचे अस्तर, हाडांतील रक्त निपजविणारा मगज, केसांची मुळे, यांतील पेशीही वेगाने दुभंगतात. औषध त्यांना ओळखून वगळीत नाही. म्हणून हे औषध घेणाऱ्यास हगवण लागते, पांढऱ्या पेशी उतरतात, केस जातात. रोग्याचे वजन व उंची मोजून, रक्त तपासून, औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेवाटे दिले जाते. दोन खेपांमध्ये शरीरास सावरण्यास अवसर दिला जातो. अशा मोजमापाने दिल्यास इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, आणि टोपोटेकॅन अंडाशयाच्या, गर्भाशयमुखाच्या व फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात उपयोगी पडते. कोणाचे आयुष्य वाढते, कोणाचे कष्ट कमी होतात. सर्वांचा रोग जातो असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही.

आता आपणच विचार करावा. ज्या द्रव्याचे माप चुकल्याने मोठमोठ्या रुग्णालयांत, जाणत्यांच्या देखरेखीखाली अपाय झाला, त्याचे लाकूड मूठभर घेऊन चुलीवर उकळले तर त्यात काय उतरेल? द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणजे गुण उतरण्याची आशा थोडी. आणि उतरले तरी किती उतरले, हे उकळणाऱ्यास ठाऊक नाही, पिणाऱ्यास तर नाहीच.

लोक म्हणतात, झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय होत नाही. हे म्हणणे आमच्या मते फार घातक आहे. कण्हेर झाडच आहे. धोतरा झाडच आहे. आणि ज्या तंबाखूने व मिसरीने आपल्या कित्येक माताभगिनींच्या तोंडात हा रोग शिरला, ती तंबाखूही वनस्पतीच आहे. अंगणातली सदाफुली घ्या. मधुमेहावर तिचा पाला खाणारे आजही आढळतात. परदेशातही त्या समजुतीने तिचा काढा पीत असत. कॅनडातील नोबल व बीअर या संशोधकांनी तो पाला तपासला, तेव्हा साखर उतरण्याऐवजी प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे त्यांना आढळले. त्यावरून व्हिन्ब्लास्टिन हे औषध निघाले, पाठोपाठ त्याच फुलझाडातून व्हिन्क्रिस्टिन निघाले, आणि लहान मुलांच्या रक्तकर्करोगात त्याने अनेक बालके वाचविली. पण ज्या गुणाने ती बालके वाचली तोच गुण निरोगी मनुष्याच्या पांढऱ्या पेशी घटवितो. तेव्हा सदाफुली देवाला वाहावी, डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

हे सारे आम्ही नुसत्या पुस्तकी जिव्हाळ्याने सांगत नाही. आमच्या चुलत घराण्यातील एका वहिनींना छातीत गाठ जाणवली. गाठ सुपारीएवढी होती आणि दुखत नव्हती. लाजेने त्यांनी ती घरातही काही काळ सांगितली नाही. पुढे एक फिरता औषधवाला भेटला. त्याने एका लाकडाची भुकटी दिली आणि हे कॅन्सरचे झाड आहे, परदेशात जाते, असे सांगितले. आठ महिने ती भुकटी पोटात गेली. शेवटी परळला नेले तेव्हा रोग हाडांत उतरला होता. तेथील डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, एवढे दिवस कोठे होता? वहिनी पुढच्या शिमग्यापर्यंत राहिल्या नाहीत. ती भुकटी नरक्याची होती, गुळवेलीची होती की साधा लाकडाचा भुसा होता, हे अखेरपर्यंत कोणास कळले नाही. आमचा राग त्या झाडावर नाही. गेलेल्या आठ महिन्यांचे दुःख मात्र आमच्या घरात कायमचे राहिले.

परळच्या ज्या टाटा स्मारक रुग्णालयाचा उल्लेख आला, ते १९४१ साली सुरू झाले. आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसास मुंबई परकी नाही. घरटी एक तरी माणूस तेथे नोकरीस आहे. गिरणगावात खोल्या करून राहिलेल्या आपल्या मागच्या पिढीने गावच्या आजारी माणसास आसरा दिला, रांगेत उभे राहून कागद काढून दिले. तो वारसा आज अधिक उपयोगी पडेल.

आता झाडाच्या बाजूने दोन शब्द बोलावयाचे आहेत. औषधाची मागणी वाढली तसे नरक्याचे लाकूड रानातून जाऊ लागले. सिंधुदुर्ग व कोल्हापूर जिल्ह्यांत चोरट्या तोडीचे लाकूड वनखात्याने पकडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अनेकवार आल्या. दलाल गावात येतो, किलोमागे थोडके पैसे दाखवितो आणि गरजू मनुष्य कुऱ्हाड उचलतो. मुळांतही द्रव्य असल्याने झाड मुळासकट उपटले जाते. नुसता बुंधा तोडला असता तर तो पुन्हा फुटला असता. मूळच गेल्यावर फुटणार काय? तोडणाऱ्यास मिळतात ते मजुरीचे पैसे, आणि परवानगीवाचून केलेल्या तोडीचा गुन्हाही त्याच्याच माथी. लाकडाचे मोल होते ते पुढे, दूरच्या कारखान्यात.

टॅक्सॉलच्या वृक्षावरही हाच प्रसंग आला होता. साल सोलली की तो वृक्ष मरतो, आणि एका रोग्यासाठी अनेक वृक्ष लागत. तेव्हा फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी त्याच कुळातील दुसऱ्या यू वृक्षाच्या पानांतून जवळचे द्रव्य काढून त्यापासून औषध बनविण्याची रीत शोधली. पाने पुन्हा येतात, वृक्ष जगतो. आपल्या नरक्याच्या बाबतीतही एक आशेचा किरण आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यासह २००५ साली प्रसिद्ध केले की, या झाडाच्या आत वस्ती करून राहणारी एक बुरशी प्रयोगशाळेत वाढविली असता स्वतःच कॅम्प्टोथेसिन तयार करते. बुरशी टाकीत वाढविता येते, तिच्यासाठी रान तोडावे लागत नाही. परंतु अशा बुरशीतून मिळणारे द्रव्य फार अल्प असते आणि झाडापासून दूर पुनःपुन्हा वाढविल्यास ते आणखी घटत जाते, असा अनुभव आहे. म्हणजे बुरशीचे गुपित पुरते उमगेपर्यंत झाड रानात जिवंत असलेच पाहिजे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीस समिती नेमून आपल्या हद्दीतील वनस्पतींची नोंदवही करण्याची तरतूद केली आहे, आणि अशा वनस्पतींपासून व्यापार करणाऱ्याकडून स्थानिकांस लाभाचा वाटा मिळावा असेही त्यात आहे. ही नोंदवही कपाटात कोरी पडू देऊ नये. आपल्या देवराया पूर्वजांनी कायद्यावाचून राखल्या. आपल्या हाती तर कायदाही आहे.

शेवटी, शिक्षक म्हटला की गृहपाठ दिल्याशिवाय त्यास राहवत नाही. आमच्या विनंत्या तीन आहेत.

पहिली विनंती माताभगिनींना व घरच्या कर्त्या पुरुषांना. न दुखणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातील क्षत, पाळी गेल्यानंतर किंवा अवेळी होणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तर लाज बाजूस ठेवावी आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. सरकारी आरोग्यकेंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तपासणीची योजना आहे, तिचा लाभ घ्यावा. मिसरीची डबी आजच सावित्रीस अर्पण करावी. नाही, नदी घाण होईल, चुलीत घालावी. ज्यांस घरगुती औषध घ्यावयाचेच आहे त्यांनी ते डॉक्टरपासून लपवू नये.

दुसरी विनंती गावकरी बंधूंना. नरक्या ओळखावा, पण तो कोठे आहे हे दलालास सांगू नये. बी गोळा करून रोपे करता आली तर शाळेच्या आवारात, देवराईच्या कडेला लावावीत. आणि मुंबईकर बंधूंना हे की, मंडळाने मुंबईत एक दोन माणसे अशी नेमावीत की गावाहून येणाऱ्या रोग्यास परळच्या दारापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी आपुलकीने करावे. स्नेहसंमेलनाच्या खर्चातील थोडा भाग यास लागला तर भोजनात एक पदार्थ कमी झाला म्हणून कोणी उठून जाणार नाही.

तिसरी विनंती आज ज्यांचा येथे सत्कार झाला त्या विद्यार्थ्यांना. नंदुरबारचा एक मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि तीस वर्षे एका द्रव्याच्या मागे राहिला, म्हणून आज कोठल्या तरी रुग्णालयात कोणाची तरी आई थोडी अधिक जगते आहे. आपल्या घाटात अजून कित्येक झाडे अशी आहेत ज्यांच्या पोटात काय आहे ते कोणी तपासलेले नाही. गुण मिळवा, नोकऱ्या मिळवा. पण तुमच्यापैकी एकाने तरी या रानाचा अभ्यास करावा.

लोकांनी या झाडास एकदा नरक्या म्हटले आणि एकदा अमृता म्हटले. आमच्या अल्प मतीस वाटते की, दोन्ही नावे खरी आहेत. कोणते केव्हा लागू पडेल हे मात्रेवर अवलंबून आहे. मात्रा ठरविण्याचा अधिकार जाणत्यांचा, आणि वेळेवर त्यांच्या दारी जाणे हे आपले काम.